चार तासांची मुलगी

माझ्या मुलीच्या दुसरीतल्या बाईंचा मी जितका हेवा केला, तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही. माझ्या जावेचासुद्धा नाही, आणि जावेचा हेवा करण्यात मी काही कमी पडत नव्हते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आम्ही लोदला राहत होतो. मी पेताह तिक्वाच्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होते. सहाची बस, सातला टेबलावर, चारला परत घरी. नवरा विमानतळावर सामानाच्या विभागात होता. त्याची पाळी नऊला लागायची, म्हणून मुलीला उठवून शाळेत पोचवायचं काम त्याचं. एक वाजता शाळा सुटली की सासूबाई तिला आणायच्या. त्या आमच्यापासून दोन इमारती सोडून राहत. मी ठाण्याहून या देशात आले ती चौदाव्या वर्षी, मराठी शाळेतली नववी अर्धी टाकून, त्यामुळे माझं मराठी पक्कं आणि हिब्रू आजही वाकडंतिकडं. मुलीचं उलटं. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिब्रूत यायचं. मी तिच्याशी बोलायचे ते तरी काय, थांब, नको, खाली उतर, हात काढ. आमच्या घरातलं अर्धं मराठी तिला अडवण्यातच खर्च व्हायचं.

कारण तिला ब्रेक नव्हते. रस्त्यापलीकडे मांजर दिसलं की ती रस्त्यापलीकडे असायची. तव्याला हात लावू नये हे तिला ठाऊक होतं, का लावू नये तेही ती नीट सांगायची, आणि हे सांगताना बोटाला फोड आलेली असायची. जिभेचंही तेच. जावेच्या आईला तिने भर जेवणात विचारलं, तुम्हाला मिशा का आहेत. नवऱ्याच्या वाढदिवसाला आम्ही दोघींनी गुपचूप शर्ट आणला, कपाटात लपवला, तिला शपथ घातली. तो दारात बूट काढत होता तेवढ्यात तिने रंग, साइज आणि कपाटाचा कप्पासुद्धा सांगून टाकला. मग स्वतःच तोंडावर हात ठेवून रडली. तिला सांगायचं नव्हतं, पण तिचा इलाज नव्हता.

पहिलीत ती दोनदा शाळेच्या फाटकाबाहेर पळाली. तेव्हा शाळेने आम्हाला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हातारे, शांत माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी असं आहे का, मनात आलं की करून मोकळं होणारं?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, म्हणजे माझ्या मानाने थोडंच बोलले.

डॉक्टरांनी गोळी दिली आणि एक गोष्ट समजावली, ती मला अजून पाठ आहे. "गोळी तिला काही शिकवणार नाही. मनात येणं आणि हात जाणं, या दोन्हींच्या मध्ये इतर मुलांकडे थोडी जागा असते. तिच्याकडे ती नाही. गोळी तेवढी जागा करून देईल, साधारण चार तास. त्या जागेत काय ठेवायचं ते मोठ्या माणसांनी बघायचं." रोज सकाळी एकच गोळी, शाळेच्या दिवशीच. शब्बातला, म्हणजे शनिवारी, आणि सुट्टीत नाही, कारण गोळीने भूक मरते, त्या दिवशी तरी मूल जेवलं पाहिजे. मी विचारलं, दुपारी एक दुसरी दिली तर? डॉक्टरांनी तिच्या काडीसारख्या मनगटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, मग ही झोपणारही नाही आणि खाणारही नाही.

आता हिशेब बघा. गोळी साडेसातला, नवऱ्याच्या हातून. आठला शाळा. बाराला औषध उतरायला लागायचं, एकला संपलेलं असायचं. आणि उतरताना मूल होतं त्याहून जास्त बिथरतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. सासूबाईंकडे जिन्यातच चप्पल भिरकावली जायची. मी चारला पोचायचे तेव्हा रडून रडून तिचा चेहरा सुजलेला, एक मोजा पायात, एक दिव्यावर. शब्बातला गोळी नाही. सणाला गोळी नाही. म्हणजे गोळी घेतलेली माझी मुलगी मी कधी पाहिलीच नव्हती. सगळ्या शाळेने पाहिली होती, शाळेच्या रखवालदाराने पाहिली होती. मी नाही.

मी ती मुलगी फक्त वाचायचे. बाई एका वहीत रोज दोन ओळी लिहून पाठवायच्या. मुलगी त्यांना मोरा म्हणायची, इथे सगळीच मुलं बाईंना मोरा म्हणतात. माझ्याच वयाच्या, लांब वेणी, मोठा चष्मा, बारा महिने पायात सँडल. "आज तिने हात वर करून आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली." "आज चित्र पूर्ण केलं, घाई न करता." "एक मुलगी रडत होती, तिच्याजवळ जाऊन नुसती बसली." "आम्ही दोघींनी एक खूण ठरवली आहे, फार उपयोगी पडते." हे मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचायचे, आणि त्याच वेळी मागे फ्रीजवर चढलेल्या कार्टीला उतर म्हणून ओरडायचे. आईला आनंद व्हायला हवा. मला व्हायचा, अर्धं मिनिट. मग प्रश्न सुरू व्हायचे. घाई न करता म्हणजे कशी दिसते ती? जीभ बाहेर काढते का रंगवताना? आणि ही कोणती खूण, जी माझ्या मुलीला माहीत आहे आणि मला नाही?

एकदा बाईंनी लिहिलं, "तुमची मुलगी सोनं आहे." मी वही अशी आपटली की सासूबाई बाहेरून विचारत्या झाल्या, काय पडलं गो.

वसंतात समिती बसणार होती. मुलीला आहे त्याच वर्गात ठेवायचं की दुसऱ्या गावातल्या खास वर्गात पाठवायचं, ते तिथे ठरणार होतं. तो खास वर्ग मी पाहून आले होते. तिथल्या मुलांना एक छोटी गाडी घरून घेऊन जायची आणि तिच्या खिडक्यांना जाळ्या होत्या. मुख्याध्यापिकेची एकच अट होती, यंदा ही फाटकाबाहेर गेलेली चालणार नाही. बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं, समितीत मी तिच्या बाजूने बोलेन, तुम्ही काळजी करू नका. बघा, बाजूने बोलणारही तीच.

त्यात मलिदा आला. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, ते घरी सुखरूप आले तर एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करीन असा सासूबाईंचा नवस होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या ताटात भिजवलेले गोड पोहे, त्यावर खोबरं, वेलची, खजूर, भोवती पाच तऱ्हेची फळं. सगळे भोवती बसतात, गाणं होतं, बराखा म्हणजे आशीर्वाद म्हणतात, आणि तोवर कुणी ताटाला बोट लावायचं नाही. लहान मुलांची परीक्षाच असते ती. आदल्या वर्षीच्या मलिद्यात माझ्या मुलीने पहिल्याच बराख्याला खजुरासाठी हात घातला, ताट कलंडलं, पोहे सतरंजीभर झाले. जावेच्या दोन मुली बाहुल्यांसारख्या बसल्या होत्या.  जावेने आपल्या मुलींच्या फ्रॉकवरचे पोहे एक एक करून वेचले, एवढंच. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

यंदाचा मलिदा मंगळवारी ठरला, संध्याकाळी पाचला. समितीला दहा दिवस होते.

मला ते कधी सुचलं ते आठवत नाही. मला सुचतं आणि करेपर्यंत मध्ये फारशी जागा नसते. मंगळवारी पहाटे मी डबीतून त्या दिवसाची गोळी काढली, कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि अर्धवट झोपेतल्या नवऱ्याला सांगितलं, आज गोळी मी दिली. मुलगी जागी होती. तिच्या पलंगाशी बसून मी म्हटलं, "आज गोळी दुपारी घ्यायची, मलिद्याच्या आधी. मोराला सांगायचं नाही हं."

"का?" तिने हिब्रूत विचारलं.

"आपल्या दोघींचं गुपित."

गुपित या शब्दावर तिचे डोळे चमकले. मी मनात म्हटलं, एक दिवस, चार तास शाळेत गोळीशिवाय, काय आकाश कोसळणार आहे. दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावताना मला मुलीची काळजी वाटली नाही. मला तिला बघायची घाई झाली होती.

चारला सासूबाईंकडून तिला घरी आणलं. केस विस्कटलेले, गुडघ्याला माती, पण रडलेली वगैरे नव्हती, कारण उतरायला त्या दिवशी अंगात औषधच नव्हतं. केळ्याबरोबर गोळी दिली. अर्ध्या तासाने मी तिच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसून बुटाची नाडी बांधत होती. गाठ चुकली. तिने ती सोडली, परत बांधली, परत चुकली, परत सोडली. मी दारात उभी राहिले. तिच्या पापण्या इतक्या लांब आहेत हे मी आजवर फक्त ती झोपलेली असताना पाहिलं होतं. आणि हो, ती जीभ बाहेर काढत होती, डाव्या कोपऱ्यातून, अगदी थोडी. मला एकदम त्या बाईंचा राग आला. वर्षभर ही जीभ रोज बघत होती आणि वहीत एका शब्दाने लिहिलं नाही.

"शाळा कशी झाली?" मी विचारलं.

"ठीक," ती म्हणाली.

एरवी याच प्रश्नावर कोण पडलं, कोणाचा डबा सांडला, कोण कोणाशी कट्टी, सगळं भडाभडा बाहेर यायचं. मला वाटलं, औषध. शांत मुली अशाच बोलत असतील.

मलिद्याला मी तिला मुद्दाम जावेच्या मुलींच्या मध्ये बसवलं. ताट तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि वर खजूर रचलेले. गाणं सुरू झालं. सासरे सोफ्यावर शाल पांघरून, बारीक आवाजात ओळी म्हणत होते. मी ताटाकडे पाहिलंच नाही, फक्त तिच्याकडे पाहत होते. पहिल्या बराख्याला तिचा उजवा हात मांडीवर हलला.  पाचही बोटांची टोकं जुळली, भाताचा घास उचलावा तशी, आता हा हात जाणार. हात गेला नाही. जुळलेली बोटं तशीच वर तोंड करून मांडीवर थांबली आणि किंचित वरखाली झाली. इथे राहणाऱ्या कोणालाही ती खूण कळते. रस्त्यात, दुकानात, बसमध्ये लोक समोरच्याला ती करून दाखवतात, रेगा, म्हणजे जरा थांब. माझी मुलगी ती स्वतःलाच करत होती.

म्हणजे हीच ती खूण. डॉक्टर म्हणाले होते त्या जागेत दुसऱ्या कुणीतरी आधीच येऊन सामान लावलं होतं. मी गोळी चोरली, वेळ चोरली, मुलीला समोर आणून बसवलं, आणि बघायला मिळाली ती बाईंची शिकवण. सगळ्यांबरोबर मी अमेन म्हणाले, तेवढंच. मी नुसती जळत होते.

"काय गो," जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "पोरगी केवढी शहाणी झाली. काय केलंस काय?"

"वाढली आता," मी म्हटलं. तिचं तोंड बघून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वाटण्या झाल्या. मुलीने खजूर हातात घेतला आणि तसाच धरून बसली. पोह्यांना हात लावला नाही. "खा गो बाय, मलिद्याला नाय म्हणू नये," सासूबाई विनवत होत्या. ती म्हणाली, भूक नाही. वर्षभर त्या ताटाची वाट पाहणारं पोर. तिला चार वाजता गोळी कोणी दिली हे मला एकटीला माहीत होतं.

पाहुणे गेल्यावर मी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. त्या म्हणाल्या, "वही बघितलीस काय? बाईने मोठं पानभर लिहून दिलंय. मला कुठे ते हातचं हिब्रू वाचता येतं. आणि त्या बाईचा चष्मा मोडला होता गो. गुडघ्याला पट्टी. मी इंग्लिशमध्ये विचारलं, व्हॉट हॅपन, तर नुसती मान हलवली."

मी हात तसेच ओले घेऊन दप्तर उघडलं. बाईंनी लिहिलं होतं की दहाच्या सुमारास रस्त्यावर पाइपमधून पाणी उडत होतं, ते दिसल्याबरोबर मुलगी वर्गाच्या खिडकीतून उतरून फाटकाबाहेर गेली. बाई मागे धावल्या, खडीवर पडल्या, तरी तिला गाडीखाली जाण्याआधी पकडलं. मुख्याध्यापिकेने सगळं पाहिलं. मग लिहिलं होतं: "मी तिला विचारलं, सकाळी गोळी घेतलीस का? ती म्हणाली नाही. का, तर बराच वेळ बोलेना. शेवटी म्हणाली, आईने दिली होती, मी तोंडातून काढून बेसिनमध्ये टाकली, आईला माहीत नाही. ती जर अशी गोळ्या टाकू लागली, तर समितीपुढे मी काय बोलू ते मला कळत नाही."

मुलगी बाहेर सतरंजीवर बसली होती, मुठीत अजून तो खजूर. मी तिला आत आणलं, दार लावलं.

"तू गोळी टाकलीस असं का सांगितलंस?"

"तू म्हणालीस, सांगायचं नाही."

"मग नुसतं गप्प बसायचं."

"मी बसले होते," ती म्हणाली. तिला ते नीट समजावून सांगायचं होतं, एकेक शब्द जुळवून बोलत होती. "मोराने विचारलं, का नाही घेतली. माझ्या तोंडात आलं होतं, आई म्हणाली दुपारी. मी रेगा केलं. तिने परत विचारलं. मी परत केलं. तिसऱ्यांदा फार जोरात आलं, दोन्ही हातांनी केलं. मग मी दुसरंच सांगितलं." आणि तिने दोन्ही हातांची बोटं जुळवून मला दाखवली.

जी मुलगी एक शर्ट दारापर्यंत लपवू शकत नव्हती. अंगात गोळी नसताना. पाण्याच्या फवाऱ्यापुढे जिचे पाय थांबले नाहीत, तिची जीभ थांबली. मी तिला छातीशी धरलं, पण मला रडू आलं ते लाजेने. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

तिथेच ओट्यावर वही ठेवून मी माझ्या वाकड्या हिब्रूत लिहिलं. "तिने गोळी टाकली नाही. मी दिली नाही. मीच सांगितलं की बोलू नकोस. तुम्ही विचारलंत तेव्हा ती तीनदा थांबली. गोळी घेतलेली ती मला एक दिवस दुपारी घरी हवी होती." ही वही समितीपुढे जाणार हे मला माहीत होतं. मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला माझ्यापेक्षा भरभर वाचता येत होतं. "नको लिहू," ती म्हणाली, "ते तुला ओरडतील." आमच्यात पहिल्यांदाच नको हा शब्द तिने मला म्हटला, आणि तोही मराठीत.

समितीच्या दिवशी लांब टेबलाच्या टोकाला मी आणि नवरा. नवरा त्या दहा दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलत होता, आणि त्याचं बरोबर होतं. मुख्याध्यापिकेने फाटकाची हकिगत सांगितली. समितीतल्या मानसशास्त्राच्या बाईंनी मला विचारलं, हे तुम्ही लिहिलंत का. मी हो म्हटलं. पुढचं वाक्य मी रात्रंदिवस घोकून ठेवलं होतं, मला माफ करा, पुन्हा होणार नाही, तिला शिक्षा करू नका. तेच म्हणाले. त्यापुढे फक्त माझी चूक, माझी चूक.

मग मुलीच्या बाई उठल्या. नवा चष्मा होता. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ती फाटकाबाहेर गेली ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी तीनदा विचारलं आणि ती तीनदा थांबली, ते फक्त मी पाहिलं, आणि मलाही तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, घाबरली आहे. त्या दिवशी तिच्या अंगात औषध नव्हतं. ती आईला सांभाळत होती. औषधाशिवाय, सात वर्षांची, तीनदा. अशा मुलीला जाळीच्या गाडीत बसवायचं नसतं. तिला माझ्या वर्गात ठेवा."

ठेवलं. तिसरीतही त्याच बाई होत्या. पुढे मुलगी मोठी झाली, गोळी बदलली, मग सुटली. आता ती तिच्या घरी असते, तिच्या कामात, आणि अजून कधीतरी रागाच्या भरात फोनवर बोलता बोलता एकदम थांबते. तेव्हा तिकडे तिची बोटं जुळलेली असणार, हे मला न बघता कळतं.

समितीतून बाहेर आल्यावर मी बाईंचा हात हातात घेतला आणि आभार मानले. चष्म्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहिलं नसतंत तर मला काहीच बोलता आलं नसतं. खरं होतं ते. पण मी लिहिलं होतं ते माझ्या अपराधाबद्दल, आणि त्याच ओळींमध्ये त्यांना माझी मुलगी दिसली. ती आईला सांभाळत होती, हे वाक्य त्या खोलीत मी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं झाली, तरी ते त्या बोलल्या याबद्दल मी त्यांना पुरती माफ केलेलं नाही.